अडलेली धार

साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या काही सवयी घरातल्यांच्या लक्षात येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. एसटीने जायचं असलं की सकाळचा चहा अर्धा टाकला जातो. पुण्याहून मुंबईला जायला बस नको, गाडीच हवी असा हट्ट धरला जातो, कारण रेल्वेच्या डब्यात संडास असतो. नाटकाला कडेची खुर्ची लागते, कीर्तनात दाराजवळची जागा. पुतण्याचं लग्न नागपूरला ठरलं की गुडघ्यांची तक्रार सुरू होते आणि 'तुम्हीच जाऊन या' म्हणून विषय संपवला जातो. वर्षानुवर्षं वारी करणारा माणूस यंदा पंढरपूरला थेट एकादशीलाच येतो म्हणतो. घरचे समजतात, वय झालं, उत्साह गेला. खरं कारण लघवीचं असतं. ते बायकोला अर्धवट ठाऊक असतं, मुलांना मुळीच नाही.

वाढलेल्या प्रोस्टेटबद्दल लिहायचं ठरवल्यावर मी पहिल्यांदा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मूत्ररोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. तिथल्या बाहेरच्या बाकांवर पुरुषांची रांग पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली असते. जरा वेळाने सिस्टर येऊन विचारतात, "आजोबा, आली का?" आजोबा मान हलवतात. "थांबा, जोरात लागू द्या. मग सांगा." शेजारी बसलेला मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालतो. सर्वांसमोर विचारलेल्या या प्रश्नाने आजोबा अवघडलेले असतात, पण समोरच्या बाकावरचे दोघे-तिघेही त्याच प्रश्नाची वाट पाहत असतात. तासाभरात ते एकमेकांशी बोलू लागतात. 'तुम्हाला रात्री किती वेळा उठावं लागतं?' हा प्रश्न अनोळखी माणसाला इतक्या सहजपणे विचारलेला मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही.

आतल्या खोलीत एक नरसाळं असतं आणि त्याखाली यंत्र. दार लावून त्यात नेहमीसारखी लघवी करायची, एवढीच तपासणी. यंत्र दर सेकंदाला किती मिलिलिटर लघवी पडली ते मोजतं आणि कागदावर आलेख काढतं. निरोगी माणसाचा आलेख झपकन वर चढतो आणि खाली येतो. धार अडलेल्या माणसाचा आलेख बुटका आणि लांबलचक असतो, मध्येमध्ये तुटलेला. सर्वांत जोराच्या क्षणी सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर धार असेल तर बहुधा चिंता नसते. ती १० च्या खाली असेल तर वाट अडलेली असण्याची शक्यता मोठी. पण एकूण लघवी निदान १५० मिलिलिटर झाली नाही तर आलेखावर विसंबता येत नाही, म्हणून तर त्या बाटल्या आणि ती वाट पाहणं. त्यानंतर सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीत मागे किती उरली ते बघतात. 'मोकळी झाली' असं सांगून बाहेर आलेल्या एका गृहस्थांच्या पिशवीत तेव्हाही पावणेतीनशे मिलिलिटर लघवी होती. त्यांना त्याची जाणीवच नव्हती.

प्रोस्टेट ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. ती लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला चहूकडून वेढून बसलेली असते. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. तरुणपणी ती आवळ्याएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. चाळिशीनंतर तिचा आतला, नलिकेला लागून असलेला भाग हळूहळू वाढायला लागतो. शवविच्छेदनांच्या अभ्यासांतून दिसलं आहे की पन्नाशीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ही वाढ सापडते आणि ऐंशीच्या पुढे दहांतल्या आठांहून अधिकांच्या. म्हणजे केस पिकावेत तितकी ही सार्वत्रिक गोष्ट आहे. त्रास मात्र सगळ्यांना होत नाही. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचं गणित जुळत नाही, ही गोष्ट रुग्णांना पटवायला डॉक्टरांना सर्वांत जास्त वेळ लागतो. सोनोग्राफीच्या कागदावर 'प्रोस्टेट ७० ग्रॅम' वाचून घाबरलेला माणूस आरामात लघवी करत असतो, आणि ३० ग्रॅमवाल्याची लघवी पूर्ण अडलेली असते. वाढ बाहेरच्या बाजूला पसरली की नलिकेवर दाब कमी येतो. तीच आत, पिशवीच्या तोंडाशी झाली की थोडीसुद्धा पुरते.

ही ग्रंथी का वाढते, याचं उत्तर एका अनपेक्षित ठिकाणाहून आलं. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक या देशात सालिनास नावाचं खेडं आहे. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढवली जात, आणि वयात येताना त्यांचा आवाज फुटे, अंग भरे, ती पुरुष होत. ज्युलिॲन इम्पेराटो-मॅकगिन्ली या अमेरिकन संशोधक डॉक्टरांनी या कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसं होतं, पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक जोरकस रूपात रूपांतर करणारं विकर कमी पडत होतं. जन्माआधी बाह्य जननेंद्रियं घडवायला हेच रूप लागतं. पुढे ही मुलं मोठी पुरुषमाणसं झाली तरी त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली, आणि टक्कलही पडलं नाही. औषधनिर्मात्यांनी यातून उलटा विचार केला. प्रौढ माणसात हेच विकर औषधाने रोखलं तर? १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फिनास्टेराइड त्यातूनच आलं. आज आपल्याकडच्या गावोगावच्या केमिस्टकडे मिळणाऱ्या या गोळीमागे त्या खेड्यातल्या कुटुंबांचं आयुष्य आहे.

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. फिनास्टेराइडची फुटलेली गोळी किंवा त्याच जातीच्या ड्युटास्टेराइडची गळकी कॅप्सूल गरोदर बाईने हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीत नेमका हाच बिघाड होण्याचा धोका असतो. आपल्याकडे सासऱ्यांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ डबीत लावून द्यायचं काम बहुतेक घरांत सुनेचं असतं. चिठ्ठीवर हे कुणी लिहीत नाही.

सगळं लक्ष ग्रंथीकडे जातं आणि तिच्यावरच्या पिशवीकडे दुर्लक्ष होतं. माझ्या मते या आजाराची खरी गोष्ट पिशवीचीच आहे. लघवीची पिशवी म्हणजे स्नायू. वाट अरुंद झाली की तो जास्त जोर लावतो आणि जाड होतो. जाड झालेला स्नायू चिडखोर बनतो, थोडी लघवी साठली तरी आकसू लागतो. त्यामुळे 'आली की थांबवत नाही' अशी घाई, दर तासाला जाणं. या काळात माणूस दवाखान्यात आला तर उत्तम. पण पुष्कळांच्या बाबतीत पुढचा टप्पा येतो: स्नायू थकतो. घाई कमी होते, कळ येईनाशी होते, आणि माणसाला वाटतं आता बरं वाटतंय. प्रत्यक्षात पिशवी रिकामीच होत नसते. साठून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, आणि दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचला तर तीही फुगतात. पायांवर सूज, मळमळ, रात्री अंथरुणात नकळत थेंब गळणं अशा तक्रारी घेऊन माणूस येतो, रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बिघडल्याची खूण) वाढलेलं सापडतं, आणि कारण निघतं अडलेली धार. एका ज्येष्ठ शल्यविशारदांनी मला सांगितलं, "वाट मोकळी करणं माझ्या हातात आहे. दमलेल्या पिशवीला पुन्हा जोर देणं नाही." 'वयाचा भाग' म्हणून पाच-सात वर्षं काढलेल्या माणसांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

रात्री उठावं लागणं मात्र प्रत्येक वेळी प्रोस्टेटमुळे नसतं. मधुमेहात लघवी जास्त होते. बीपीची काही औषधं लघवी वाढवणारी असतात, ती संध्याकाळी घेतली तर रात्रीची झोप जाते. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि लघवीवाटे निघतं. घोरण्याच्या आजारातही असं होतं. म्हणून चांगले डॉक्टर तीन दिवसांची नोंद मागतात: किती वाजता, किती मिलिलिटर, झोपेतून उठून की जागेपणी. मोजायला एक जुना मापाचा डबा पुरतो. या नोंदीतून कधी कधी असं निघतं की धार ठीक आहे, रात्रीचं मूत्रच जास्त आहे, आणि उपाय प्रोस्टेटवर करायचाच नाही. रात्रीच्या या फेऱ्यांत आणखी एक धोका असतो. अंधारात, झोपेत, ओल्या फरशीवर म्हातारी माणसं पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा हा या आजाराच्या उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

मग कधीतरी लघवी पूर्ण तुंबते. बहुतेकदा त्याआधी काहीतरी निमित्त घडलेलं असतं: लांबचा प्रवास आणि तासन्‌तास दाबून धरलेली लघवी, दारू, बद्धकोष्ठ, दुसरं एखादं ऑपरेशन, किंवा सर्दीची गोळी. सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधांत नाक मोकळं करणारे आणि झोप आणणारे जे घटक असतात, त्यांतले काही पिशवीचं तोंड आवळतात किंवा तिचा जोर कमी करतात. केमिस्टकडून नुसतं 'सर्दीवर काहीतरी द्या' म्हणणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाला हे ठाऊक नसतं. ओटीपोट टणक फुगतं, वेदना असह्य होतात, थेंबही येत नाही. अशा वेळी जास्त पाणी पाजणं, पोट शेकत बसणं यात वेळ घालवू नये. जवळच्या दवाखान्यात नेऊन नळी घालावी लागते. नळी घातल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव येतो तो पाहिलेली परिचारिका तो विसरत नाही. नळी लागली म्हणजे ऑपरेशन ठरलंच असं नसतं. गोळ्या सुरू करून काही दिवसांनी नळी काढून बघतात, आणि बऱ्याच जणांना पुन्हा आपली आपण लघवी होते.

बाकावर बसलेल्यांच्या मनात एक प्रश्न सर्वांत खोल असतो आणि तो सर्वांत शेवटी, दाराशी उठून जाताना विचारला जातो. डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना? ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांना ऑक्टोबर १९६३ मध्ये अचानक लघवी अडण्याचा त्रास झाला. कर्करोग असावा अशी धास्ती त्यांना होती. शस्त्रक्रिया झाली आणि रुग्णालयातूनच त्यांनी राजीनामा दिला. वाढ साधी निघाली. मॅकमिलन त्यानंतर तेवीस वर्षं जगले आणि १९८६ मध्ये, ९२ व्या वर्षी वारले. साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या भागात होते, कर्करोग बहुतेकदा बाहेरच्या भागात सुरू होतो. साध्या वाढीचा पुढे कर्करोग बनत नाही. पण दोन्ही एकाच वयात येतात आणि एकाच माणसात असूही शकतात, म्हणून तपासणी टाळायची नसते. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. पुरुष तिला घाबरून वर्षं घालवतात. पीएसए ही रक्ताची तपासणी उपयोगी आहे, पण तिचा आकडा साध्या वाढीने, जंतुसंसर्गाने, नळी घातल्यानेही वाढतो. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर तो जवळजवळ निम्मा दिसतो. पॅथॉलॉजीच्या कागदावर 'नॉर्मल' लिहिलेलं असतं आणि गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायचं राहून गेलेलं असतं. त्या आकड्याची दुप्पट करून वाचायचं असतं.

जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचं बकिंगहॅम राजवाड्याने उघडपणे जाहीर केलं, आणि दुसऱ्या पुरुषांनीही तपासून घ्यावं अशी राजांची इच्छा असल्याचं सांगण्यात आलं. ब्रिटिश आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावरचं या विषयाचं पान वाचणाऱ्यांची संख्या एका दिवसात दहापटीहून अधिक झाली. आपल्याकडचे पुढारी 'नियमित तपासणीसाठी' रुग्णालयात दाखल होतात. एखाद्या ज्येष्ठ नेत्याने किंवा नटाने साध्या मराठीत 'माझी लघवी अडत होती, ऑपरेशन केलं, आता बरा आहे' एवढं सांगितलं तरी हजारो बाकांवरची माणसं हलतील असं मला मनापासून वाटतं.

औषधांचे मुख्य दोन प्रकार. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या पिशवीच्या तोंडाशी आणि ग्रंथीत असलेले स्नायू सैल करतात. दोन-चार दिवसांत फरक जाणवतो, पण ग्रंथी लहान होत नाही. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहावं. वीर्य बाहेर न येता मागे पिशवीत जाणं हाही एक परिणाम आहे. त्याने इजा काही होत नाही, पण आधी सांगितलं नाही तर माणूस आतून खचतो. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या, म्हणजे फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड, ग्रंथी सुमारे पाव हिश्श्याने लहान करतात. त्यांना सहा महिने द्यावे लागतात. महिन्याभरात गुण नाही म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. मोठी ग्रंथी असलेल्यांत दोन्ही एकत्र दिल्याने आजार वाढण्याचा धोका एकेकट्या गोळीपेक्षा जास्त कमी होतो, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलं.

टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी या गोळीमुळे डोळ्यातला बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि सर्जनला अडचण येते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी हे प्रथम दाखवलं. गोळी बंद केल्यावरही परिणाम टिकू शकतो, म्हणून आपण होऊन बंद करण्यात अर्थ नाही. नुसतं आधी सांगायचं. डोळ्यांचे डॉक्टर त्याप्रमाणे तयारी करतात. आपल्याकडे मोतीबिंदूच्या शिबिरांत एका दिवसात रांगेने ऑपरेशनं होतात आणि रांगेतले कितीतरी पुरुष ही गोळी घेत असतात. शिबिराच्या नोंदणी-कागदावर हा प्रश्न छापलेला असायला हवा.

आयुर्वेदात मूत्राघाताचं, म्हणजे लघवी अडण्याच्या विकाराचं, वर्णन जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याचे बारा प्रकार दिले आहेत, आणि त्यांतल्या वाताष्ठीलेचं, म्हणजे गुद आणि बस्ती (लघवीची पिशवी) यांच्यामध्ये दगडासारखी टणक गाठ होऊन मल, मूत्र, वायू अडण्याचं वर्णन वाचताना आजचा डॉक्टरही थबकेल. सराटे, वायवर्णा, पुनर्नवा आजही दिले जातात. ज्यांना त्याने बरं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण पिशवीत किती लघवी उरते हे न मोजता वर्षानुवर्षं कोणताही काढा घेणं धोक्याचं आहे. पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय असलेल्या सॉ पामेटो या वनस्पतीची २००६ आणि २०११ मध्ये काटेकोर चाचणी झाली, तेव्हा ती औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही. इंटरनेटवरून महागड्या बाटल्या मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

ऑपरेशनच्या इतिहासात भारताचं एक पान आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन वीसेक वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, आजच्या उत्तर प्रदेशात होते. मुतखड्यांच्या शेकडो शस्त्रक्रियांनी त्यांचा हात तिथेच तयार झाला. निवृत्त होऊन लंडनला गेल्यावर १ डिसेंबर १९०० रोजी त्यांनी ओटीपोटातून पिशवी उघडून वाढलेली ग्रंथी बोटाने सोडवून काढली आणि ती पद्धत जगभर पोचवली. त्याआधीच्या दशकात अमेरिकेत यावर उपाय म्हणून चक्क वृषण काढून टाकत असत. त्या मानाने आजचा माणूस भाग्यवान आहे. पोटावर टाका न घालता, मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतली वाढ तारेच्या कडीने विजेवर कापत काढतात. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेली असते, माणूस जागा असतो. पडद्यावर पाण्याखालचं पांढुरकं-गुलाबी दृश्य दिसतं, कडी पुढे जाते, मागे येते, आणि बारीक चकत्या पाण्यात तरंगतात. शेवटी त्या धुऊन काढून बाटलीत भरतात आणि कर्करोगाच्या तपासणीसाठी पाठवतात. त्या दिवशी रात्रभर खाटेशेजारी सलाइनच्या मोठ्या बाटल्या बदलल्या जातात आणि नातेवाइक नळीतला रंग बघत बसतात: लाल, मग गुलाबी, मग पाण्यासारखा. पूर्वी धुण्यासाठी वापरला जाणारा द्रव रक्तात जास्त गेला की सोडियम घसरून जिवावर बेतत असे. नव्या यंत्रांत मिठाचं साधं पाणी चालतं, त्यामुळे तो धोका जवळजवळ गेला. खूप मोठ्या ग्रंथीसाठी न्यूझीलंडमध्ये विकसित झालेली होल्मियम लेसरची पद्धत आता आपल्या मोठ्या शहरांतही होते.

ऑपरेशननंतर पुरुषत्व जातं ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. ताठरता बहुतेकांची पूर्वीसारखी राहते. वीर्य मागे जाणं मात्र बहुतेकांना होतं. लघवीवरचा ताबा कायमचा जाणं क्वचित घडतं. कर्करोगाची शक्यताही पूर्ण संपत नाही, कारण ग्रंथीची बाहेरची साल जागेवरच असते. टाके-बिके काही नाहीत म्हणून आठवड्याने ट्रॅक्टर चालवायला बसू नये. आतली जखम भरायला सहा आठवडे लागतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावं, आणि रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

गावपातळीवर एक काम मात्र लगेच करण्यासारखं आहे. आशाताई घरोघरी जाऊन बीपी, साखर, कर्करोगाची प्राथमिक चौकशी करतात. सत्तरीतला माणूस आशाताईला लघवीचं सांगणार नाही. तो प्रश्न आरोग्यसेवकाने, पुरुषाने पुरुषाला, एका बाजूला घेऊन विचारायला हवा. त्यासाठी प्रश्नावली तयारच आहे. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बनवलेले सात प्रश्न जगभर वापरले जातात: पिशवी पूर्ण मोकळी होते का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, धार तुटते का, घाई होते का, धार बारीक आहे का, कुंथावं लागतं का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, २० ते ३५ तीव्र. आठवा प्रश्न वेगळा विचारतात: उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटेल? दवाखान्यातल्या बाकावर एका शेतकरी गृहस्थांनी सगळ्या प्रश्नांना मोजकी उत्तरं दिली आणि या प्रश्नावर बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "असं कुणी विचारलंच नव्हतं." त्यांचे गुण २३ भरले. पुढच्या सोमवारी त्यांचं ऑपरेशन ठरलं.